चौथ्या दिवशी तपकिरी

होम हिल,
मंगळवार, दुपार

प्रिय टीगन,

माझं अक्षर ओळखून तू हे पाकीट न उघडताच फाडशील, अशी भीती आहे. फाडू नकोस. वाचून झाल्यावर हवं तर मला येऊन फाड. तू नर्सिंग शिकायला ब्रिस्बेनला गेलीस, तेव्हापासून मी पाच गोष्टी फोडल्या. दोन दरवाजे, एक फोन, तुझी प्रवाळांची टाकी आणि तुझ्या भावाचा जबडा. पहिल्या तिन्हींचं मला काही वाटत नाही.

तू गेलीस तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात होतो. एका प्रात्यक्षिकात सरांनी माझा चुकलेला आलेख सगळ्यांसमोर वाचून दाखवला, पोरं हसली, मी स्टूल उचलून फळ्यावर घातलं आणि तसाच बसने गावी आलो. तुझ्या बाबांनी एक शब्द न विचारता मला दुकानात घेतलं. घरोघरच्या मत्स्यटाक्यांसाठी शुद्ध पाणी गाळून विकायचं, एवढाच धंदा, पण त्यात त्यांचा जीव. तुझी टाकीही त्यांनी खांबांवरच्या घराखालच्या मोकळ्या जागेत, पाण्याच्या पिंपांशेजारी ठेवली होती. तिच्याकडे बघायचं काम मी मागून घेतलं. का, ते तुला सांगायला नको. अंगठ्याएवढ्या तुकड्यापासून तू वाढवलेलं ते जांभळं प्रवाळ मी रोज सकाळी बघायचो. ते फुललेलं असलं की वाटायचं, अजून सगळं गेलेलं नाही.

आपल्याकडचं बोअरचं पाणी तुला माहीत आहे. त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड भरपूर. फिल्टरचा पडदा क्षार अडवतो, वायू मात्र आरपार निघून जातो, आणि मग तो सगळा पुढच्या नळीतल्या, उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या निळ्या मण्यांच्या बोकांडी बसतो. मणी वायूच गिळत बसतात आणि दोन महिने चालायचे ते तीन आठवड्यांत तपकिरी होतात, म्हणजे संपतात. मी बाबांना म्हटलं, पाणी मण्यांतून सोडायच्या आधी उघड्या पिंपात ठेवू, खालून पंपाने दिवसभर हवेचे बुडबुडे सोडू. वायू उडून जाईल, मणी टिकतील. आणि टिकलेही. बाबा गिऱ्हाइकांना सांगत सुटले, कॉलेजनं टाकलेलं पोरगं आहे, पण पाण्याचा डॉक्टर आहे. त्या दिवसांत मी कुणाला मारलं नाही.

मग तुझी आई म्हणाली, तुझ्या त्या पंपाच्या घुरघुरीने मला दुपारची झोप लागत नाही रे. मी पंप उचलला आणि जिन्याखालच्या पत्र्याच्या खोलीत नेला, नळी भिंतीतून पिंपात सोडली, दार घट्ट लावलं. त्या खोलीत बाबांची बिअर आंबायला ठेवलेली असते. ती आंबते म्हणजे काय सोडते, हे शाळेतलं पोरही सांगेल. मी पाण्याचा डॉक्टर, माझ्या डोक्यात आलं नाही. पंप त्या बंद खोलीतली हवा ओढायचा आणि जो वायू काढायचा, तोच रात्रंदिवस पाण्यात कोंबायचा.

मणी चौथ्या दिवशी तपकिरी. नवे घातले, पुन्हा चौथ्या दिवशी. संपलेल्या मण्यांतून नको ते पाणी टाकीत जाऊ लागलं, काचेवर तपकिरी शेवाळ धरलं, आणि तुझं प्रवाळ कडेपासून पांढरं पडत गेलं. मी दातओठ खात बघत बसलो. नळीत मणी भरायचं काम तुझ्या भावाचं, डार्सीचं. माझ्या डोक्याने हिशेब केला की डार्सी नवे मणी बाहेर विकतो आणि नळीत जुने, वाळवलेले भरतो. पुरावा काही नव्हता. पण तो दारू पिऊन पबमध्ये एकदा मारामारी केलेला, स्थगित शिक्षा डोक्यावर असलेला माणूस, आणि मला चोर हवा होता.

ज्या दिवशी प्रवाळाचा शेवटचा जांभळा ठिपका गेला, त्या दिवशी मी त्याला घराखाली गाठला. बाहेर कुणाच्या तरी शेतात ऊस पेटवला होता, राख उडत होती. मी मण्यांवरून बोललो. तो आधी हसला. म्हणाला, "लेका ब्रॉडी, खोट माझ्या मण्यांत नाही, तुझ्या त्या पंपात आहे. खोली उघडून बघ की जरा." त्याचं बरोबर होतं, टीगन. त्याने खोट ओळखली होती. मी म्हणालो, चोर आहेस तू. तेव्हा त्याचा चेहरा बदलला. "टीगनलासुद्धा असाच कोंडत होतास," तो म्हणाला, "म्हणून पळाली ती."

एवढं बोलून तो जायला वळला. वळला, हे लक्षात ठेव.

नळ्या आवळायचा मोठा पाना पिंपावर होता. मी तो मागून घातला. पहिला घाव खांद्यावर बसला. तो माझ्याकडे फिरला तेव्हा दुसरा जबड्यावर. हाड मोडल्याचा आवाज ओल्या फांदीसारखा येतो. त्याने पडता पडता मला ढकललं, मी टाकीवर आदळलो, काच फुटली, माझा हात कोपरापर्यंत चिरला. तुझे मासे फरशीवर तडफडत होते, खाऱ्या पाण्यात आमचं दोघांचं रक्त मिसळत होतं, आणि मला वाटत होतं, तिसरा घाव अजून राहिलाय. पाना हातातून निसटला नसता तर तो मी घातला असता.

बाबा धावत आले तेव्हा मी बोलू शकत होतो, डार्सी बोलू शकत नव्हता. मी म्हणालो, हा पाना घेऊन माझ्या अंगावर आला, मी हिसकावून घेतला. पोलिसांनाही तेच सांगितलं. माझ्या हाताला तेवीस टाके पडले, तेच माझे साक्षीदार झाले. डार्सीचा जबडा तारेने बांधलेला. त्याने कागदावर लिहिलं, मी नाही. बाबांनी तो कागद दुमडून त्याच्याच खिशात ठेवला आणि घराची किल्ली काढून घेतली.

तो गेल्यावर मणी मी भरले. स्वतःच्या हाताने, सीलबंद पुडीतले. चौथ्या दिवशी तपकिरी. आता शिव्या घालायला समोर कुणी नव्हतं. नळी धरत धरत मी मागे गेलो, पत्र्याचं दार उघडलं. आंबट, कोंदट हवा तोंडावर आली, बिअरच्या पिंपाची नळी गुडगुडत होती. पंप उचलून अंगणात आणला, पुन्हा नवे मणी भरले. आज बाराव्या दिवशीही ते निळे आहेत. तुझे बाबा मघाशी येऊन म्हणाले, बघ, डार्सी गेला आणि पाणी सुधारलं. मी मान डोलवली. त्या मान डोलवण्याची किळस येऊन मी हे लिहायला बसलो.

माझ्यावर हल्ला केल्याचा गुन्हा डार्सीवर लागला आहे, आणि परवा, गुरुवारी, कोर्ट आहे. तो दोषी ठरला तर जुनी शिक्षाही अंगावर येईल आणि तो तुरुंगात जाईल. मी आता उठून ठाण्यावर चाललो आहे, पण मला मी ठाऊक आहे. तिथे कुणी खाकरलं तरी माझं डोकं फिरेल, भीती वाटली तर जीभही फिरेल. म्हणून हे पत्र ब्रिस्बेनला निघालेल्या दुकानाच्या ट्रकवाल्याबरोबर देतो, उद्या सकाळी तुझ्या हातात पडेल. खाली पूर्ण नाव लिहून सही केली आहे. पहिला घाव माझा होता, पाठीमागून होता, आणि तुझ्या भावाने एक मणीही चोरलेला नाही. या चार ओळी त्याच्या वकिलाला दे. मी पुढे वेगळं काही बोललो, तर मलाच खोटं पाड. माझ्यावर दया आली, तरीही.

जो तुझा होऊ शकला नाही, तो
ब्रॉडी विल्यम टेनंट