ए-फोरवर न मावलेले बाबा

तीर्थस्वरूप आत्या,

आधी वाकून नमस्कार, मग तुझ्या गुडघ्याची चौकशी. (आई म्हणते, गुडघा विचारला नाहीस तर ती पुढचं वाचणारच नाही.) इकडे सगळे ठीक, आणि कालपासून तर फारच ठीक, कारण बाबांचा कार्यक्रम पार पडला आणि घरातल्या कुणालाही तोंड लपवावं लागलं नाही.

तुला ठाऊकच आहे, कारखान्याच्या बँडमध्ये बाबा इतकी वर्षं क्लॅरिनेट वाजवतात, पण कायम मागच्या रांगेत. यंदा पहिल्यांदाच बँडमास्तरांनी त्यांना एकट्याने वाजवायचा तुकडा दिला, आणि नेमके तेव्हाच त्यांना कागदावरचे सूर धूसर दिसायला लागले. "वाचता येत नसेल तर दुसऱ्याला देतो," मास्तर म्हणाले. बाबा घरी येऊन नुसते भांडी घासत बसले. (ती घासलेलीच होती.) मी म्हटलं, घरात एक पदवीधर आहे ती कशासाठी? सगळा तुकडा कॉम्प्युटरवर उतरवून मोठा छापून देते. शिक्षणाचा उपयोग समाजाला व्हावा आणि समाजाची सुरुवात बाबांपासून करावी, असं माझं मत आहे.

पण कागद वाचवणं हेही माझं मत असल्यामुळे पहिल्या खेपेला मी अख्खा तुकडा एकाच ए-फोरवर बसवला. सूर मुंग्यांएवढे झाले. बाबांनी तो नाकाला लावला, हात ताणून लांब धरला, आणि म्हणाले, "कागद छान आहे." मग दुप्पट आकाराच्या ए-थ्रीवर छापला. ("नकाशा आहे का?" छपाईच्या दुकानातल्या ताईंनी विचारलं.) तो स्टँडवर ठेवला की वरून वाकून वाळत घातलेल्या टॉवेलसारखा क्लॅरिनेटवर पडायचा, आणि मागे पुठ्ठा लावला तर स्टँडच आडवं व्हायचं. शेवटी पुन्हा ए-फोर घेतले, आडवे, एकेका पानावर दोनच ठसठशीत ओळी. आता दिसत होतं, पण पानं झाली ढीगभर, आणि ती उलटायची कधी? क्लॅरिनेटला दोन्ही हात लागतात. "दातांनी उलटू का?" बाबांनी अगदी मनापासून विचारलं. तोंडही मोकळं नसतं, हे आईने लक्षात आणून दिलं.

तेव्हा मला सुचलं, की पानं उलटायचीच नाहीत. व्यासपीठाच्या कडेने स्टँडांची रांग लावायची, त्यांवर पानं ओळीने मांडायची, आणि बाबांनी वाजवत वाजवत रांगेमागून चालायचं. मास्तरांनी विचारलं, "पदवी कशातली म्हणालीस?"

पण आत्या, काल बाबा चालले. बागेत फिरायला निघाल्यासारखे सावकाश, एकही सूर न चुकता, आणि टोकाला पोचून शेवटचा सूर असा लांबवला की लोक उठून उभे राहिले. सगळ्यांना वाटलं, चालणं मुद्दामच बसवलंय. माझा जीव भांड्यात पडला.

प्रकृतीला जप.

तुझी भाची

ता. क. आवराआवर करताना कळलं, की पानं मी प्रेक्षकांच्या बाजूला उभं राहून डावीकडून उजवीकडे मांडली होती. म्हणजे पलीकडून बाबा शेवटच्या पानापासून पहिल्याकडे चालत गेले. विचारलं तर म्हणाले, "तुझे कागद ठरेपर्यंत तुकडा पाठ झाला गं. पण तू एवढं मांडलंस, म्हटलं चालून घ्यावं."

ता. क. आणखी एक, आणि पत्र खरं याचसाठी. डॉक्टर म्हणतात मोतीबिंदू आहे, साधं ऑपरेशन. बाबा म्हणतात, "पोरगी मोठं छापून देते, डोळ्याला हात कशाला लावायचा?" घाबरलेत, पण नाव माझ्या कागदांचं पुढे करतात. आई सांगून थकली. थोरल्या बहिणीपुढे मात्र त्यांचं काही चालत नाही, तेव्हा तू ये आणि कान धरून दवाखान्यात ने. लवकर ये. मास्तरांनी खूश होऊन त्यांना नवा तुकडा दिलाय, याच्या दुप्पट लांबीचा, आणि त्या कार्यक्रमाचं व्यासपीठ आपल्या स्वयंपाकघराएवढं आहे.