ॲल्विन पर्टनचा गुडघा

४ ऑगस्ट

तोच! यादीत नाव वाचलं तेव्हा वाटलं, दुसरा कोणी असेल. पण दुसरा ॲल्विन पर्टन या किनाऱ्यावर येणार कुठून? काठी टेकत आला. बसण्याआधी माझ्या छातीवरचं नाव वाचलं आणि म्हणाला, "ब्रॉन्विन — म्हणजे डेसची पोर ना तू? नाक तेच आहे."

वय चौऱ्याहत्तर. उजवा गुडघा संपलेला, एक्स-रेत हाडाला हाड लागलेलं. गुडघा बदलायच्या सरकारी यादीत चौदा महिने नाव आहे. नंबर लागेपर्यंत आमच्या नव्या इंजेक्शनच्या चाचणीत.

डॉ. प्रिचर्डना लगेच सांगितलं — मी यांना ओळखते, आणि माझं मत चांगलं नाही. त्या हसल्या. "कोणालाच न ओळखणारी नर्स हवी तर समुद्रापलीकडून मागवावी लागेल. आणि त्यांना काय टोचलं जातंय ते तुला कुठे कळणार आहे?"

हे खरं. निम्म्या लोकांच्या गुडघ्यात त्यांच्याच रक्तातला प्लाझ्मा, निम्म्यांच्या नुसतं मीठपाणी. रक्त मात्र सगळ्यांचं काढायचं. मागच्या खोलीत मॅगी दार लावून सिरिंज भरते आणि आतला रंग दिसू नये म्हणून तिच्यावर निळी पट्टी गुंडाळते. काय भरलं ते मला कळत नाही, डॉक्टरांना नाही, पेशंटलाही नाही. कोणाला काय, याचा पाकिटांतला कोड सगळ्यात शेवटी उघडेल तेव्हाच.

माझं काम — रक्त काढणं, गुडघा धरणं, प्रश्न विचारणं, आकडे लिहिणं. बस.

५ ऑगस्ट

आईला सांगायला नको होतं. पेशंटचं नाव घरी सांगणं म्हणजे सरळ नियमभंग. तरी सांगितलं.

"पर्टन?" बटाटे सोलता सोलता म्हणाली. "तुमच्याकडे एखादी बोथट सुई नाही का?"

कारण इथे एकदाच लिहून ठेवते. ओंडके तोडायच्या शर्यतीत सगळे एकदम सुरुवात करत नाहीत. पंच मोठ्यानं आकडे मोजतो. कच्चा गडी तिसऱ्या आकड्याला पहिला घाव घालतो, पक्का गडी विसाव्याला. कोणाला कितवा आकडा, हे ठरवणारा माणूस एकच — वीस वर्षं ॲल्विन पर्टन. बाबांना त्यानं चौदा दिला. बाबा जन्मभर दुसरे आले, तिसरे आले. "दहा असता तर..." इस्पितळात नाकावर ऑक्सिजन असतानाही हेच. पर्टन दुकानात ज्या रांगेत असेल, त्या रांगेत आई दुधाची बाटली घेऊन अजून उभी राहत नाही.

मला त्याचा राग आहे का? आहे. गुडघा धरताना तो हातात उतरणार नाही, एवढं मी पाहीन.

११ ऑगस्ट

पहिलं इंजेक्शन. मॅगीनं खिडकीतून सिरिंज सरकवली. निळी, जाड, बोटाएवढी.

"हे काय, बॅट धरायची मूठ?" तो म्हणाला. "पोरी, पेट्रोल तर नाही ना भरलं?"

डॉक्टरांनी नेहमीची सूचना वाचून दाखवली: जे काही निर्णय घ्याल ते, गुडघ्यात मीठपाणीच गेलंय असं समजून घ्या. त्यानं मान डोलावली. सगळेच डोलावतात.

माझे हात स्थिर होते. बघत होते मी त्यांच्याकडे.

१३ ऑगस्ट

नियमाप्रमाणे फोन. "सूज? ठणका?" "काऽही नाही! काल कोंबड्यांचं खुराडं साफ केलं."

प्लाझ्मा गेला की बहुतेकांचा गुडघा दोन दिवस ठणकतो, हे मला माहीत आहे. बहुतेकांचा, सगळ्यांचा नव्हे. 'काही नाही' एवढंच लिहिलं. पण डोक्यात तेवढंच राहिलं नाही.

१८ ऑगस्ट

दुसरं. काही नाही.

२५ ऑगस्ट

तिसरं आणि शेवटचं. डॉक्टरांनी सुई बाहेर काढली, मी बोळा दाबला. त्याआधी कातडीवर एक थेंब आला. स्वच्छ. पाण्यासारखा. प्लाझ्मा पिवळसर असतो.

मी बघायला नको होतं. बघितलंच, तर नोंद करायला हवी होती, म्हणजे त्याचे आकडे दुसऱ्या कोणी घेतले असते. केली नाही. उद्या करीन.

२६ ऑगस्ट

केली नाही.

६ ऑक्टोबर

दुखणं किती, शून्य ते दहा? ऑगस्टमध्ये आठ होतं, आज तीन. काठी आणलीच नाही. पायऱ्या धडाधड चढला आणि वर पोचून बाहेर बसलेल्या बायकांना वाकून नमस्कार केला. त्या हसल्या. एक म्हणाली, "ॲल्विन, मलाही तीच बाटली दे रे!"

मी तीन लिहिला. मीठपाण्याचा तीन! मनात म्हटलं ते इथे लिहून टाकते: अख्ख्या गावाचे आकडे ठरवणारा माणूस, आणि स्वतःच्या गुडघ्याचा त्याला पत्ता नाही. गंमत वाटली. घरी येईपर्यंत पुरली.

१७ नोव्हेंबर

तीन महिन्यांची तपासणी. आकडा दोन. नव्या वर्षाच्या मेळ्यात म्हाताऱ्यांच्या शर्यतीत उभा राहणार म्हणतो. रोज शेडमध्ये ओंडका तोडतोय. हाताला ताजे फोड.

बाहेर पडताना अगदी सहज म्हणाला, "इस्पितळाचा फोन आला होता. नऊ डिसेंबरची तारीख देत होते. म्हटलं, तो गुडघा दुसऱ्या कोणाला बसवा, माझा चालतोय."

तारीख नाकारली की नाव यादीच्या तळाला जातं. म्हणजे पुन्हा दोन वर्षं! "विचार बदलायला वेळ दिलाय का?" "शुक्रवारपर्यंत. कशाला पण?"

१८ नोव्हेंबर

डॉक्टरांकडे गेले. त्या म्हणाल्या, "सूचना दिली होती. त्यांनी सही केली आहे."

"पण त्यांना मीठपाणी मिळालं असेल तर? हा बरेपणा टिकला नाही तर? शहात्तराव्या वर्षी परत रांगेत?"

"असेल तर, ब्रॉन्विन. असेल तर." मग माझ्याकडे बघत राहिल्या. "तुला काही माहीत आहे का?"

"नाही," मी म्हटलं.

एका शब्दात दोन खोटी. माहीत आहे असं मला वाटतं, म्हणून 'नाही' खोटं. आणि खरोखर माहीत नाही, म्हणून ते वाटणंही खोटं. नोकरी जाईल याची भीती होती का? होती. तीही लिहिते.

२० नोव्हेंबर

आज त्याच्याकडे गेले. अकरा किलोमीटर. सांगायचं ठरवून निघाले. फाटकाशी आल्यावर न सांगायचं ठरवलं — गाडीतून उतरायचं, कोंबड्यांची अंडी विकत घ्यायची, परत यायचं. हे महत्त्वाचं आहे. फाटकाशी माझा निर्णय 'नाही' असा होता.

शेडमध्ये होता. कुऱ्हाडीचं पातं दगडावर फिरवत होता, गुडघा टेकून. तोच गुडघा! टुणकन उठला. चहा दिला. पेटीतून बाकीच्या कुऱ्हाडी काढून दाखवल्या, बाळं दाखवावीत तशा, एकेक फडक्यातून सोडवून.

मग म्हणाला, "तुझ्या बापाला मी चौदा का दिला, माहितीये?"

"तुम्हाला ते चौदाचे वाटले म्हणून."

"छे! दहाचा होता. वारा असला तर अकराचा."

मी कप खाली ठेवला. "मग?"

"मग काय? दहावर ठेवला असता तर जिंकला असता. एकदा जिंकला असता आणि कुऱ्हाड खुंटीला टांगली असती, स्वभावच तो. हरणारा गडी दर शनिवारी येतो, पोरी. बायको ओरडली तरी येतो. आम्हाला गडी हवे होते." आणि हसला. वाईट हसला नाही, हेच वाईट. जुना खोडकरपणा सांगावा तसा हसला.

मी म्हटलं, "ॲल्विन, तुमच्या गुडघ्यात मीठपाणी गेलंय. तिन्ही वेळा."

"तुला काय माहीत?"

"मी पाहिलं."

तो गुडघ्याकडे बघत राहिला. पँटवरून हात फिरवला, आत कोण आहे ते चाचपल्यासारखा. मग बाकाला धरून हळूहळू खाली बसला. मी निघाले तेव्हा पोचवायला उठायचा प्रयत्न केला — आणि उठता आलं नाही. मी पोचले तेव्हा टुणकन उठलेला माणूस!

"राहू दे," मी म्हटलं. त्यानं विचारलं, "इस्पितळाचा नंबर आहे का गं तुझ्याकडे?"

होता. लिहून दिला. अक्षर सुंदर आलं.

२१ नोव्हेंबर

त्यानं तारीख घेतली.

म्हणजे मी भलं केलं. वेळेवर खरं सांगितलं, माणूस रांगेतून बाहेर पडता पडता वाचला. असं लिहिलं तर बरोबर वाटतं. पण तो 'दहाचा होता' म्हणाला नसता तर मी अंडी घेऊन परत आले असते. हेही बरोबर आहे. भलं करताना तोंडाला इतकी गोड चव यायला नको होती.

३० नोव्हेंबर

आईला दहाचं सांगितलं. वाटलं रडेल, चिडेल.

"माहीत होतं," ती म्हणाली. "डेसलाही माहीत होतं."

"आणि तरी जात होते?"

"घरात माझ्यासमोर बसण्यापेक्षा हरलेलं बरं, म्हणायचा." टीव्हीचा आवाज वाढवला तिनं.

मग मी कोणाच्या वतीनं बोलले?

९ डिसेंबर

आज ऑपरेशन. नीट झालं म्हणतात.

१९ डिसेंबर

जखमेतून पू. गुडघा पुन्हा उघडून धुतला.

२३ डिसेंबर

भेटायला गेले. अंगात ताप. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा रेडिओवर क्रिकेट ऐकत होता. ॲल्विननं माझा हात धरला. इतके महिने मी त्याचा गुडघा धरत होते, त्यानं माझा हात कधी धरला नव्हता.

"एकटी तू खरं बोललीस," तो म्हणाला. "बाकी सगळे नुसते 'वा ॲल्विन, वा ॲल्विन' करत होते. मीठपाण्यावर नाचणारा म्हातारा! हसत असतील सगळे."

"कोणी हसत नाही."

"मी हसलो असतो."

आभार मानतोय माझे! नर्सनं आत येऊन पांघरूण उचललं. गुडघा फुटबॉलएवढा. मी बघितलं. बघायला मला नेहमीच जमतं.

२९ डिसेंबर

डॉ. प्रिचर्डना सगळं सांगितलं. थेंब, शेड, सगळं. उभ्यानंच ऐकलं त्यांनी.

"थेंबावरून?" त्या म्हणाल्या. "सांध्यातलं स्वतःचं पाणी कसं दिसतं, ब्रॉन्विन? बावीस वर्षं नर्स आहेस ना तू?"

स्वच्छ दिसतं. कधी फिकट पिवळं. मला माहीत होतं. ऑगस्टमध्येही माहीत होतं.

"पण त्यांना ठणका लागला नव्हता..."

"दर पाचात एकाला लागत नाही. तो तक्ता तूच बनवलास." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मी समितीला कळवणार आहे. आजपासून पेशंटला हात लावायचा नाही. फक्त कागदपत्रं बघ."

"मग आत्ताच त्यांचं पाकीट उघडून बघूया का?"

"तुझ्या जिवाला शांती मिळावी म्हणून? नाही. सगळ्यांबरोबर उघडेल."

१ जानेवारी

मेळ्याला गेले नाही. वाऱ्यावर घावांचे आवाज येत होते. आई खिडकी लावून बसली.

१४ फेब्रुवारी

तो घरी आला. वॉकरचा आधार घेऊन चालतो. नवा गुडघा वीस अंशांपर्यंतच वाकतो. त्यापुढे वाकणार नाही, म्हणाले. कुऱ्हाडी विकायला काढल्यात.

मार्च

तारीख माहीत नाही. कागदच कागद. समितीचं पत्र आलं: समज दिली, नोकरी राहिली. वाचून सुटल्यासारखं वाटलं आणि त्या वाटण्याची किळस आली. दोन्ही खरं.

माझा सगळा भार आता एका गोष्टीवर आहे: मीठपाणी असेल तर निदान मी खोटं बोलले नाही. हेतू वाईट, पण शब्द खरा. रोज सकाळी तेवढं धरून उठते. त्याच्या गुडघ्यात मीठपाणीच गेलं असू दे अशी इच्छा करणारी मी एकटी माणूस असेन या बेटावर.

८ मे

शेवटच्या पेशंटची शेवटची तपासणी झाली. पुढच्या आठवड्यात कोड.

१५ मे

उघडला. ज्याला जे मिळालं ते त्याला पत्रानं कळवायचं. पत्रं घडी करून पाकिटात घालणं माझं काम.

पर्टन, ॲल्विन जे. — प्लाझ्मा. तिन्ही वेळा.

टपालाच्या गठ्ठ्यातून डॉ. प्रिचर्डनी तेवढं एक पाकीट बाजूला काढलं. "फाटकावरच्या पत्रपेटीपर्यंत त्यांना चालवत नाही," म्हणाल्या. "हे तू हातानं नेऊन दे. आणि वाचून दाखव, चष्मा सापडत नाही त्यांना."