कोकण, व्हाया घाटघर

२ डिसेंबर, सुपा

कोकण दौऱ्याची सूत्रं आजपासून माझ्या हातात.

मच्छिंद्रचा फोन. माझा साडू, नगरला टाइल्सचं दुकान, स्वतःबद्दल फार गैरसमज. म्हणाला, त्याच्या मोठ्या गाडीत चौघं जाऊ, पुण्यावरून ताम्हिणी घाट उतरू. स्पष्ट नकार दिला. त्याच्या गाडीत बसायचं म्हणजे आठवडाभर त्याची गाणी आणि जन्मभर त्याचे उपकार. आम्ही आमच्या गाडीने जाणार. त्याच्या दोन दिवस आधी.

विजयमालेने अजून समुद्र पाहिलेला नाही. लग्न झाल्यापासून म्हणते आहे. मध्ये आईचं आजारपण आलं, ते सगळं तिनेच निस्तरलं. मग कंपनीत माझं ऑडिट. मग माझा मूड. यात माझा दोष शून्य.

३ डिसेंबर

प्लॅन फायनल. डोंगर, समुद्र, शहर, कल्चर, चारही आयटम कव्हर. मच्छिंद्र फक्त मासे खायला चाललाय.

रूट असा: संगमनेर, अकोले, भंडारदरा, घाटघर आणि तिथून थेट खाली कोकणात. नकाशावर घाटघर आणि कोकण अगदी चिकटून आहेत. हा शॉर्टकट आजवर कोणालाच कसा सुचला नाही? विजयमाला म्हणाली, कोणाला तरी विचारून घ्या. तिला सांगितलं की कंपनीत स्टोअरला लोक मला विचारतात.

मच्छिंद्रला रूट सांगितला नाही. अलिबागला पोचल्यावर फोन करायचा. थंड आवाजात.

५ डिसेंबर, घाटघर

अकोल्याच्या पुढे भाताच्या पोत्यांचा टेम्पो. मुद्दाम साइड देत नव्हता. त्याचा नंबर लिहून घेतलाय.

भंडारदऱ्याचं धरण चालत्या गाडीतून दाखवलं. विजयमालेला उतरायचं होतं. म्हटलं, पुढे पाणीच पाणी आहे.

घाटघरला रस्ता संपला. संपला म्हणजे पुढे कठडा आणि कठड्याच्या पलीकडे सरळ तुटलेला कडा. कोकण खाली. तिथे साळूबाई म्हणून एक बाई पर्यटकांना खोल्या देतात. त्या म्हणाल्या, इथून खाली गाडी कधीच उतरत न्हाई. नकाशा करणाऱ्यांची तक्रार करणार आहे.

पण मी डगमगलो नाही. दरीत लांबवर पाणी चमकत होतं. विजयमालेला म्हणालो, घे, हा समुद्र. आपण कोकण वरून बघतोय, लोक खालून बघतात.

ती खूप वेळ बघत राहिली. हातसुद्धा जोडले. मग शांतपणे म्हणाली, "अहो, या समुद्राला भिंत आहे."

खालच्या धरणाचं पाणी होतं. धुक्यात कोणाचीही चूक होईल. पण त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. एवढा ताठा बरा नव्हे.

परत फिरलो तर चढावर जळका वास आणि गाडी बंद. क्लच अर्धा दाबून चालवायची माझी खास पद्धत आहे, त्याने ॲव्हरेज वाढतं. गाडी बनवणाऱ्यांना असे क्लच करणं झेपत नाही. मुक्काम साळूबाईंकडे.

६ डिसेंबर

राजूरचा मेकॅनिक आला. क्लच प्लेट गेली म्हणाला, संगमनेरहून मागवावी लागेल. चेहऱ्यावरूनच साळूबाईंचा माणूस वाटला. गाडी जितके दिवस बंद, तितके दिवस खोली भरलेली.

जेवायला नागलीची भाकरी. विजयमाला चुलीपाशी बसून साळूबाईंबरोबर हसत होती. मी गेलो की दोघी गप्प.

दुपारी कळलं, तिने मच्छिंद्रला फोन केला. रेंजसाठी टेकडी चढून. घरी जिना चढताना हिचे गुडघे दुखतात.

७ डिसेंबर

मच्छिंद्र आला. बायको बरोबर. हसला नाही, टोमणा मारला नाही. मुद्दाम. म्हणाला, कानिफराव, गाडी राहू द्या इथं, येताना घेऊ, चला आमच्याबरोबर.

मी म्हणालो, गाडी जंगलात टाकून मी हलणार नाही. आता विजयमाला थांबेल, मच्छिंद्र तोंड पाडून जाईल, असा हिशेब होता.

तिची बॅग आधीच त्याच्या डिकीत होती.

"तुम्ही गाडी सांभाळा. मी समुद्र बघून येते."

मी म्हणालो, तू गेलीस तर मी सरळ घरी निघून जाईन. ती म्हणाली, "किल्ली शेजारच्या वहिनींकडे आहे."

साळूबाईंचा काही संबंध नव्हता, तरी मध्ये पडल्या. "जा बाई तू. लई हौसंनं निघालीस. ह्यांचं मी बघते."

मी परवानगी दिली.

९ डिसेंबर

गाडी सुरू. घोटीवरून कसारा घाट उतरलो असतो तर संध्याकाळी अलिबाग. पण गेलो नाही. मी नसल्यावर ट्रिपची कशी वाट लागते, हे त्यांना कळायला हवं. सुप्याला परतलो. शेजारच्या वहिनींनी किल्ली देताना काही विचारलं नाही. ते मला आवडलं नाही.

१२ डिसेंबर, सुपा

आज विजयमालेचा फोन आला. चार वेळा मीच लावला होता, पण शेवटी तिला करावा लागला. रत्नागिरी शहर बघून झालं. मालवणला निघालेत, तिथे दशावतार बघणार, मग आंबोली. मुक्काम वाढवलाय. म्हणजे डोंगर, समुद्र, शहर, कल्चर. प्लॅन माझाच.

फोटो पाठवलाय. गुडघाभर पाण्यात उभी, साडी भिजलेली. मोठा करून नीट पाहिला. मच्छिंद्र कुठेच नाही. एकटीच आहे आणि हसते आहे.

मी विचारलं, परत कधी. म्हणाली, बघू. मग विचारलं, चहापत्ती कुठे ठेवलीस.

"शोधा," म्हणाली.

सापडली नाही. कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला गेलो. टपरीवाला रज्जाक म्हणाला, आलात का कोकणातून, कसा काय समुद्र?

मोठा आहे, म्हणालो.