गंगाफळ, कोयता आणि धुळ्याचे पाहुणे

असोदे, माघ शुद्ध पंचमी, शके १८५८

तीर्थस्वरूप भागाअक्कास धाकट्या हिलालचा दंडवत. तुझे गुडघे थंडीत कुरकुरतात का, आणि भाऊजींनी तपकीर सोडली की तपकिरीने भाऊजींना, तेही कळव.

आपल्या द्वारकेला पाहायला काल धुळ्याकडचे रुपचंदभाऊ आणि त्यांचा मुलगा गिरधर आले. (आधीचे दोन पाहुणे तिच्या हातचं जेवून गेले ते पुन्हा फिरकले नाहीत, हे तू जाणतेसच. आईविना वाढलेली पोर. केळीला पाणी द्यावं तर तिनंच, पण भाजी म्हटली की एक तर कच्ची, नाही तर करपलेली.) त्यामुळे माझा जीव टांगणीला. बेत भरताचा होता, पण वांगी वासराने फस्त केली. घरात उरलं एक गंगाफळ, तेही दगडासारख्या सालीचं. अख्खा भोपळा बाईमाणसाने आधी चिरू नये म्हणतात, म्हणून मीच कोयता घातला. तो असा रुतला की निघेना. आपटून पाहिलं, तर फळ कोयत्यासकट सटकलं आणि घरंगळत ओट्यावर रुपचंदभाऊंच्या पागोट्यावर जाऊन बसलं (पागोटं सुदैवाने डोक्यावर नव्हतं, शेजारी काढून ठेवलेलं होतं). मी घाईघाईने त्यांना केळीचा बाग दाखवायला नेलं. गिरधर मागेच राहिला.

परतलो तो घरभर मेथीच्या फोडणीचा वास! सालीसकट शिजलेली चिंचगुळाची भाजी, दह्यातलं भरीत आणि खरपूस घारगे. रुपचंदभाऊ पुन्हा पुन्हा मागून घेत म्हणाले, "पोरना हातले चव शे, भो! सोयरीक पक्की." गिरधरला ठसका लागला. द्वारका दाराआड तोंडात पदर कोंबून हसत होती.

पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, "आबा, मी नुसता जाळ घातला. चिरलं त्याने, केलंही त्यानेच." (पोराची आई गेल्यापासून त्यांच्याकडे चूल तोच सांभाळतो.) आता हे व्याह्यांना कळलं तर? तरी वैशाखाआधी येऊन पोरीला चार भाज्या शिकव.

तुझा
हिलाल

ता. क. : द्वारका म्हणते, आत्याला त्रास नको, तो शिकवणार आहे.

ता. क. : आत्ताच रुपचंदभाऊंचा निरोप आला. रोज खातो ती भाजी त्यांनी पहिल्याच घासाला ओळखली होती. पण आई गेल्यापासून पोराने घारगे कधी केले नव्हते. काल केले, म्हणून त्यांनी लगेच होकार दिला.

ता. क. : तरी तू येच. पोर गेल्यावर चुलीपुढे मीच उरणार. शिकायचं मला आहे.