परसातल्या पालकातलं शिसं

आई, तू गेलीस त्याला वीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत तुला काही सांगावंसं वाटलं नाही, हे आधीच कबूल करतो. आता वाटतंय, कारण परसातल्या मातीचा रिपोर्ट आलाय.

पेणला आपली तेवढीच जागा होती, तिथे मी पॉलिहाऊस उभं केलंय. प्लास्टिकचं मोठं छप्पर समज, आत बारमाही पालक. एका गिऱ्हाइकाने भाजी तपासून मागितली म्हणून पालक आणि माती दोन्ही प्रयोगशाळेत दिली. दोन्हींत शिसं निघालं आणि कॅडमियमही, चालेल त्याहून जास्त. तिथल्या बाईंनी विचारलं, "इथे आधी काय होतं?" मी म्हणालो, "काय नाय, भाजीचे वाफे." मग तू आठवलीस. कारखान्यात गणपतींच्या डोळ्यांची आखणी करून यायचीस, घरी आणखी मूर्ती रंगवायचीस आणि ब्रश धुतलेलं पाणी वाफ्यात घालायचीस. एकदा मी ती बादली गटारात ओतली तर पाठीत धपाटा बसला. "विहिरीवरनं पानी तू आनतंस का मी? घाल त्या माठाच्या भाजीला." मी घालतो. शेंदरी पाणी वाफ्यात पसरतं आणि बघता बघता जिरतं. आपल्याला वाटलं, गेलं. बाई म्हणाल्या, शिसं कुठेही जात नाही, सडत नाही. त्या काळच्या पिवळ्या-शेंदरी रंगांत ते असायचं, आणि छपराखाली पाऊस नाही, म्हणून थोडंफार धुऊन जायचं तेही राहिलं. कॅडमियम मात्र तुझ्या माथी मारता येत नाही. ते मी वर्षानुवर्षं पोत्यांनी टाकलेल्या स्फुरदाच्या, म्हणजे फॉस्फेटच्या खतातलं असणार, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे शिसं तुझं, कॅडमियम माझं. मायलेकांनी मिळून पिकवलं.

टोक बारीक यावं म्हणून तू ब्रश ओठांत धरायचीस. पुढे हात थरथरायला लागले, आखणी सुटली, आणि आपण ते वयावर ढकललं. तेव्हा तू जेमतेम पन्नाशीची होतीस. कारण हेच होतं का, ते आता कोण सांगणार? मला तुझ्या काटकसरीचा राग आला, खोटं कशाला बोलू. पण तो फार टिकला नाही. डोक्यावर दोन हंडे घेऊन चढण चढणारी बाई पाणी फेकून कशी देईल?

खरी गोष्ट वेगळीच आहे. तुझ्या नातीला सातवा महिना आहे. ती रोह्याला असते. रक्त कमी आहे म्हणून डॉक्टरांनी पालेभाजी खायला सांगितली, तेव्हापासून दर रविवारी मी गाडीने दोन जुड्या पोचवतो. बाजारची ती खात नाही, फवारलेली असते म्हणते. शिसं आईच्या रक्तातून पोटातल्या बाळाला जातं, त्याच्या मेंदूला बाधतं. भाजीच्या आतलं शिसं धुऊन निघत नाही, शिजवूनही नाही. बाई म्हणाल्या, "घाबरवत नाही, पण तिचं रक्त लवकर तपासून घ्या." मी त्याच दिवशी सगळा पालक उपटला, गुरांनाही घातला नाही. एकेका गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं. परक्यांना सांगताना जीभ अडखळली नाही.

उद्या पहिल्या गाडीने रोह्याला जातोय, तिला घेऊन दवाखान्यात जायचं आहे. वाटेत काय बोलायचं ते जुळवत होतो आणि ते तुलाच लिहीत बसलो. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून राहिलेलंही लिहितो. रिपोर्ट गुरुवारी आला होता. रविवारी मी पेणच्या बाजारातून पालकाच्या दोन जुड्या घेतल्या, त्यांचा दोरा काढला, नेहमीसारख्या केळीच्या सोपटाने बांधल्या आणि रोह्याला नेल्या. तिने विचारलं, "घरचीच हाय ना, बाबा?" मी व्हय म्हणालो, आणि ती माझ्यासमोरच निवडायला बसली.