मोहाची वाटी पुरी प्यालो

१७ मार्च १९५४, धनज
कॉलेज सोडून चार महिने झाले. दादा अजून बोलत नाहीत. अमरावतीला प्रोफेसरांशी भांडलो, वही आपटली, आलो. त्याचा पस्तावा नाही. दोस्त गणपतच्या बहिणीच्या लग्नात शेवंता दिसली, चार पावलांवर, आणि एक शब्द निघाला नाही तोंडातून. त्याचा आहे.
ती गणपतची मामेबहीण. तो म्हणतो, "होळीले मामाकडे चाल. मामा तुले पाह्यतो म्हणते. फक्त डोकं घरी ठेवून ये."

१९ मार्च, होळी
मामांच्या वाडीवर जाऊन आलो. कसं लिहू.
आमच्या माळकरी घरात मोहाच्या दारूचं नावही नाही. मला वाटलं होतं जळजळेल. पण ही भट्टीवरची नव्हेच. मडक्यात मुरवलेली, वर तांबूस फेस. मामांनी काशाची वाटी पुढं केली. आधी वासच. मोहाच्या फुलांचा, त्यात सुंठ, वेलदोडा, मागून जायफळ. मग गोडी, मग जिभेच्या कडेला आंबूस काहीतरी, आणि घोट उतरल्यावर लवंग हळू वर येते... अंगणातली माणसं बोलत होती, मला ऐकूच येईना. मातीच्या मडक्यात हे होतं!
"यंदा पोरीनं मुरवली," मामा म्हणाले.
तिच्या हातची. मी तळापर्यंत प्यालो, वाटी खाली ठेवली. शेवंता दारात होती. वाटीकडे पाहिलं, आत गेली.

२० मार्च
गणपत सकाळीच भांडायला.
"पुरी पेलास? अबे, त्या घरात मांगणी तोंडानं नसते. पोरगी पाह्यजे असली तं तळाशी घोट ठेवाचा. रिकामी वाटी म्हंजे पाहुणचार झाला, राम राम."
"मंग आधी कायले नाही सांगितलं?"
"मले वाटलं, तुले माहीत हाय. अन् तुले सांगाले गेलं तं तू आयकतं कधी?"
जेवलो नाही. तिला वाटलं असेल, नको म्हणून गेला. आणि चव अजून जिभेवर.

२४ मार्च, रंगपंचमी
एकटाच गेलो. सरळ बोललो, "मामा, मले रीत माहीत नव्हती. मले शेवंता पाह्यजे."
"कॉलेज अर्ध्यात सोडलं. पोरगीही सोडशीन."
डोकं भडकलं. दात आवळून बसलो, तसाच.
त्यांनी तंबाखू मळली. मग, "मोहाची फुलं गळून राह्यली. महिनाभर पहाटी वेचा लागते. एक दिवस चुकला, तं विषय संपला."

२५ मार्च
उजाडता उजाडता झाडाखाली. फुलं एकेक गळतात, टप, थांबून पुन्हा टप. मेणासारखी, ओली. होळीचा तो वास इथं कच्चा, झाडभर. हात जोडावेसे वाटले. मग घाईघाईनं टोपली भरली.
शेवंता शेजारच्या झाडाखाली. मामा पलीकडे. ती आली, टोपलीत हात घातला. पाचोळा, माती, मुंग्या.
"खालची जागा आधी झाडली काय?"
"नाही."
"असा मोह मडक्यात नाही घालत आमी."
टोपली तिनं ओतून टाकली. सगळी. मी रिकामी टोपली उचलली.
खराटा माझ्यापुढं टाकून ती आपल्या झाडाकडे गेली. पाठमोरीच म्हणाली, "वरची अजून पडाची हायेत."
झाडून काढलं. उद्याही जायचं आहे.