उत्तर देण्याआधीची प्रार्थना

६ सप्टेंबर, रविवार

काय घडलं:
१. उपासना संपल्यावर, ११.१० वाजता, चर्चच्या पायरीवर धाकट्या बहिणीने विचारलं, ताई, बाळाची गॉडमदर होशील का.
२. मी म्हटलं, प्रार्थना करून सांगते.
३. ती हसली. म्हणाली, अगं, हो किंवा नाही म्हणायचंय, त्यात एवढं काय.
४. मी म्हटलं, तयारी नसताना मी कशावरच सही करत नाही.
५. ती म्हणाली, बरं बाई. बाप्तिस्मा २७ला आहे. पाळकसाहेबांना नाव २०पर्यंत द्यायचंय.
६. बाळ माझ्याकडे दिलं. मी चार मिनिटं धरलं. बाळाने माझ्या घड्याळाचा पट्टा चोखला.

निर्णय: चौदा दिवस, रोज ५.३० ते ६.००, प्रार्थना आणि मनन. लॅबमध्ये मी वजनकाटे तपासते. काटा चालू करून अर्धा तास थांबल्याशिवाय मी त्याचं रीडिंग धरत नाही. स्वतःला वेगळा नियम का लावावा?

७ सप्टेंबर, सोमवार, सकाळी ६.०५

लॅबमधला हातात धरायचा काउंटर आणला आहे. मन भरकटलं की बटण दाबायचं. आज ४१. पहिल्या दिवसाच्या मानाने समाधानकारक. फोन सायलेंट करून कपाटात.

८ सप्टेंबर, मंगळवार

३८. भरकटण्याचे प्रकार पाडले. अ: काम. ब: शरीर (पायाला मुंग्या, भूक). क: धाकटी.
अ ४, ब ५, क २९.
क मध्ये मुख्यतः बाबांचा अंत्यविधी. ती रडली, मी खुर्च्या मोजल्या. सगळ्यांनी तिला जवळ घेतलं. खुर्च्या बरोबर निघाल्या, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

९ सप्टेंबर, बुधवार

विचारांती: प्रकार क हे भरकटणं नाही. देवासमोर दुसऱ्या माणसाची आठवण काढणं म्हणजे मध्यस्थीची प्रार्थना. क वेगळा नोंदला, मोजणीतून वगळला.
आजचा आकडा ७. प्रगती स्पष्ट आहे.

१० सप्टेंबर, गुरुवार

कपाटात धाकटीचे तीन मिस्ड कॉल, ५.४० ते ५.५२. ६.०३ला फोन केला. बाळाला ताप, नवरा ड्यूटीवर, डॉक्टरकडे सोबत हवी होती. तिच्या वरच्या मजल्यावरची नर्स गेली सोबत. मी सांगितलं, सहानंतर केव्हाही कर. ती म्हणाली, हो, बाळाला कळवते तुझं टाइमटेबल.
प्रार्थनेच्या वेळेचा लोक किती सहज अपमान करतात.
बाळासाठी उद्या पाच मिनिटं जादा.

१२ सप्टेंबर, शनिवार

आईला सांगितलं, साडेपाच ते सहा भांडी वाजवू नकोस. मोजून दाखवलं: ६२ डेसिबल. आई म्हणाली, देवाला माझ्या भांड्यांचा आवाज पाठ आहे, तूच नवीन आहेस. वर विचारलं, प्रार्थना करतेस की परीक्षेला बसलीस.
आई भांडी घासताना पुटपुटते, त्यालाच प्रार्थना म्हणते. मग बसने धाकटीकडे जाते. रोज. पद्धत अशी काहीच नाही.

१३ सप्टेंबर, रविवार

बाळ नर्सच्या मांडीवर. नर्स उशिरा येते, बेसूर गाते आणि प्रार्थनेत डोळे उघडे ठेवते. (हे मला डोळे उघडल्यामुळे दिसलं, पण मी तपासणीसाठी उघडले होते.) तिला क्षमा केली. दहा सेकंद लागले.
पाळकसाहेबांना विचारलं, मनन अधिक खोल कसं करावं. त्यांनी उलट विचारलं, बहिणीशी बोललीस का? आधी ते कर, मग गुडघे टेक.
सर्वसाधारण सल्ला. माझ्या बाबतीत लागू नाही.

१५ सप्टेंबर, मंगळवार

२. सलग अकरा मिनिटं संपूर्ण शांतता. अशी शांती आजवर अनुभवली नव्हती.
आई म्हणते, तू घोरत होतीस. साक्षीदार एक, रेकॉर्डिंग नाही. ग्राह्य नाही.

१७ सप्टेंबर, गुरुवार

शून्य.
६.०५ला पाहिलं: धाकटीचा एक कॉल. एकच, म्हणजे तातडीचं नसणार.
दुपारी लॅबमध्ये उत्तराचा चौथा मसुदा. पलीकडच्या टेबलावरचे काका, माझे सीनियर, डोकावून म्हणाले, एवढा रिपोर्ट? मी म्हटलं, भाचीची गॉडमदर व्हायला होकार देतेय. ते म्हणाले, मग दोन पानं नकाराची आहेत का.
दोन पानं जबाबदाऱ्यांची आहेत.

१९ सप्टेंबर, शनिवार

उत्तर तयार. हो. सही केली, पाकिटात घातलं. उद्या मुदतीच्या आत देणार. आभार म्हणून उद्या पूर्ण तासभर प्रार्थना.

२० सप्टेंबर, रविवार

तासाचे साडेचार तास झाले. (आई पहाटेच धाकटीकडे गेली होती. उठवायला कोणी नव्हतं.) चर्चला पोचले तेव्हा पाळकसाहेब बाप्तिस्म्याची घोषणा करत होते. गॉडमदर: नर्स.

पायरीवर धाकटीला म्हटलं, मुदत आजची होती. ती म्हणाली, हो ताई. पण गुरुवारी पहाटे बाळ परत तापलं. तुला एकदा फोन केला, मग म्हटलं जाऊ दे. नर्स आली, तिने बाळाचं अंग पुसलं, तेव्हाच तिला विचारलं. हाताला पाणी तसंच, हो म्हणाली.
तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.
मी विचारलं, मग आधी मला का विचारलंस.
म्हणाली, बाबा गेले तेव्हा मला काहीच सुचत नव्हतं. वळून पाहिलं तर तू खुर्च्या मांडत होतीस. वाटलं, बाळाला असं कोणीतरी हवं.
पाकीट बॅगेतच राहिलं.

२१ सप्टेंबर, सोमवार, सकाळी ६.३०

६३. सगळे क.
मागचे आकडे दुरुस्त केले. वगळलेला क परत धरला. चौदा दिवसांत सुधारणा: नाही. १५ आणि १७ तारखेची रीडिंग बाद, कारण मी झोपले होते.
पुढची वीस मिनिटं आईची भांडी ऐकली. काउंटर दाबला नाही.
कपाटातून फोन काढला. चार मसुदे न करता धाकटीला पाठवलं:

रविवारी चर्चच्या हॉलमध्ये खुर्च्या किती लागतील? मी लवकर येऊन मांडते. बाळाचा ताप आता कसा आहे तेही सांग. गुरुवार, २४ तारखेपर्यंत कळव. फोन कपाटात नसेल.